चोकचा षड्ज

गुणगुणणारा चोक आमच्या दुकानात बदलून मिळायचा. द्वारकेच्या चौकाजवळ अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, इलेक्ट्रिकच्या सामानाचं छोटं दुकान होतं. "लय आवाज करतो" म्हणत गिऱ्हाइकाने चोक काउंटरवर आपटला की अण्णा वाद न घालता मागच्या फळीवरून दुसरा काढून द्यायचे. माझ्या गळ्याची तक्रार आली तेव्हा मात्र त्यांनी चोककडे बघितलंसुद्धा नाही, सरळ गळाच बंद करून टाकला. वेळ गेला की राग निवतो, असं लोक मला समजावतात. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

ज्यांच्या घरात तो जड ठोकळा कधी नव्हता त्यांच्यासाठी सांगते. ट्यूबच्या पत्र्याच्या पट्टीत चोक बसवलेला असायचा. आत लोखंडाच्या पातळ पत्र्यांची चवड, तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. बटण दाबलं की स्टार्टर आधी ट्यूबची दोन्ही टोकं तापवायचा आणि मग अचानक हात काढून घ्यायचा. त्या क्षणी चोक असा दणका द्यायचा की ट्यूब पेटायची. पेटल्यानंतर त्याचं काम नेमकं उलटं. ट्यूब मुळात अधाशी, मोकळी सोडली तर मिळेल तेवढी वीज ओढून स्वतःच जळून जाईल. चोक तिला आवरून धरायचा. आणि हे करताना तो गुणगुणायचा, कारण घरात येणारी वीज एका दिशेने वाहत नाही, सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते. दर हेलकाव्यात चोकमधले पत्रे दोनदा खेचले जातात, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा थरथरतात. असं नेमाने थरथरणारं काहीही असो, तंबोऱ्याची तार असो की लोखंडाचा पत्रा, त्यातून सूर निघतो. हे अण्णांना ठाऊक नव्हतं, माझ्या गाण्याच्या बाईंना नव्हतं आणि मला तर नव्हतंच.

बाईंचा क्लास पंचवटीत होता, भांड्यांच्या दुकानावरच्या एका लांबट खोलीत. खाली जमिनीवर सतरंजी, वर लाकडी फळ्यांचं छत. मी प्राथमिक शाळेत असल्यापासून रोज संध्याकाळी तिथे जायचे. आपल्या मुलीचा क्लास म्हणून अण्णांनी हौसेने तिथे चार ट्यूब लावून दिल्या होत्या, पट्ट्या थेट छताच्या फळ्यांना स्क्रूने आवळून. "आता कसं लग्नाचं कार्यालय वाटतंय," असं ते स्वतःच म्हणाले होते. चोक अर्थातच दुकानातले, स्वस्तातले. तंबोऱ्याला भोपळा असतो, तसं त्या चार चोकांना अख्खं लाकडी छत मिळालं.

क्लासची सुरुवात ठरलेली असायची. दिवेलागण झाली की एक मुलगी उठून चारही बटणं दाबायची. ट्यूब दोन-तीनदा डोळे मिचकावून लागल्या की आम्ही सगळ्या, बाईंसकट, ट्यूबला हात जोडायचो. घरी देवापाशी दिवा लावल्यावर जोडतात, तसेच. त्याशिवाय तंबोऱ्याला हात लावायचा नाही, अशी बाईंची शिस्त होती. मग त्या पेटीची पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, दाबून तंबोऱ्याच्या तारा तिच्याजवळ आणायच्या आणि पेटी बंद करायच्या. पुढचं काम डोळे मिटून चालायचं. खुंटी एवढीशी फिरव, मणी एवढासा सरकव, थांब, ऐक. असं करता करता एका जागी बाईंचा चेहरा सैल पडायचा आणि त्या म्हणायच्या, "भरली खोली."

आणि खरोखर भरायची. आवाज तंबोऱ्यातून येतोय असं वाटायचंच नाही. तो छतातून, भिंतीतून, सतरंजीखालून यायचा. षड्ज लावताना मला कधी सूर शोधावा लागला नाही. ठेवलेल्या पाटावर जाऊन बसावं तशी मी त्या आवाजावर जाऊन बसायचे. शेजारच्या मुली पाढे म्हटल्यासारख्या सरगम म्हणायच्या, चुकायच्या, पुन्हा म्हणायच्या. बाई त्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, हिच्यासारखं ऐका आधी, मग तोंड उघडा.

दहावीनंतरच्या पावसाळ्यात गाण्याची मोठी परीक्षा होती. तिच्यावर माझं बरंच काही अवलंबून होतं. अण्णांनी आधीच बजावलं होतं की यात चांगली पास झालीस तर गाणं शिकत राहा, कॉलेजातही गाणंच घे. नाहीतर डिप्लोमा कर आणि दुकानाला हातभार लाव. मला त्या अटीची भीती वाटली नव्हती. मी नापास होईन असं बाईंनाही वाटत नव्हतं.

परीक्षा रविवारी सकाळी होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर आभाळ इतकं गच्च की भर सकाळी ट्यूब लावाव्या लागल्या होत्या. परीक्षक बाहेरगावचे, नाव असलेले. तंबोरा त्यांच्याबरोबर आलेल्या माणसाने लावला, पेटीवर घासूनपुसून, अगदी बरोबर पांढरी पाच. मी बसले, डोळे मिटले आणि नेहमीसारखी आवाजावर जाऊन बसायला गेले, तर पाट जागेवर नव्हता. तंबोरा एक सांगत होता आणि हॉल दुसरंच काही सांगत होता. मी तंबोऱ्याला धरायचे, आणि दुसऱ्या आलापाला काहीतरी मला वर ओढून न्यायचं. मी खाली यायचे, पुन्हा वर जायचे. परीक्षकांनी हात वर करून थांबवलं, पुन्हा सुरू करायला लावलं, पुन्हा थांबवलं. मग माझ्याकडे न बघता, मागे बसलेल्या बाईंना आणि अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हिला कानच नाही हो. गळा असून काय उपयोग?"

बाई खाली मान घालून बसल्या. ज्या बाई रोज माझ्याकडे बोट दाखवायच्या त्यांनी एक अक्षर काढलं नाही. माझ्यानंतर आमच्या क्लासच्या दोघी गायल्या, त्याच पाढे म्हणणाऱ्या. त्या पास झाल्या.

अण्णा मला स्कूटरवरून घरी घेऊन आले आणि वाटेतच निकाल देऊन टाकला. एवढा मोठा माणूस बोलला म्हणजे विचार करूनच बोलला असणार, त्याला काय आपलं वाकडं करायचंय, उगाच नसत्या गोष्टीमागे लागू नये. मी मागे बसून रडत होते आणि ते पुढे बघून डिप्लोमाच्या प्रवेशाचं बोलत होते. त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"कान नाही" हे दोन शब्द आमच्या घरात पाहुण्यासारखे आले आणि मुक्कामाला राहिले. निफाडच्या काकू आल्या की विचारायच्या, काय गं, हाक मारलेली तरी येते का ऐकू? मग सगळे हसायचे. लग्नात मंगलाष्टकं म्हणायला मुलींना पुढे बोलवायचे तेव्हा आई डोळ्यांनीच मला बसून राहायला सांगायची. मी भांडी घासतानासुद्धा गुणगुणायचं सोडलं. कुणी रेडिओ लावला तर मी खोलीतून उठून जायचे, आणि त्यावरही, बघा, हिला गाण्याचं मुळात प्रेमच नव्हतं, असं ऐकून घ्यायचे. तेव्हा गप्प बसले म्हणून तर आज इतकं तोंड सुटलंय.

डिप्लोमाला इलेक्ट्रिकल घेतलं. दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत भिंतीवरच्या पॅनेलमध्ये एक जुना मीटर होता, वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते ते दाखवणारा. त्याला काटा नव्हता. पोलादाच्या बारीक पट्ट्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीचं टोक पांढरं रंगवलेलं, प्रत्येकीची थरथर ठरलेली. विजेचा हेलकावा जिच्याशी जुळेल ती एकटीच थरथरायची आणि तिचं टोक धूसर दिसायचं. त्या दिवशी प्रॅक्टिकल लांबून संध्याकाळ झाली होती. मी बघितलं तर पन्नासची पट्टी जवळजवळ स्थिर होती आणि एकोणपन्नासची थरथरत होती.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, त्यात विशेष काही नाही, रोज संध्याकाळी हेच होतं. सगळीकडे एकदम दिवे लागतात, सिन्नरचे कारखाने चालू असतात, निफाडला द्राक्षबागांच्या मोटारी पाणी ओढत असतात. विजेचा ताण वाढला की जनरेटर दमतात, थोडे हळू फिरतात, आणि पन्नासचे एकोणपन्नास होतात. उलट रविवारी कारखाने बंद, त्यात पाऊस पडत असला की मोटारीही बंद. मग जनरेटर हलके होऊन जास्त फिरतात आणि हाच आकडा पन्नासच्या वर जातो.

सर पुढे काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी छताकडे बघत होते. तिथे ट्यूब होत्या, आणि त्या पांढरी पाच गात होत्या.

एकोणपन्नासची दुप्पट अठ्ठ्याण्णव. ग्रंथालयात ध्वनीच्या पुस्तकात स्वरांचं कोष्टक होतं. माझा षड्ज, पेटीची पांढरी पाच, म्हणजे एकशे शहाण्णव. अठ्ठ्याण्णव म्हणजे बरोबर निम्मे, खालच्या सप्तकातला तोच सूर, त्याचाच खर्ज. बाईंच्या खोलीत रोज संध्याकाळी चार चोक आणि एक लाकडी छत मिळून माझ्या षड्जाचा खर्ज लावून बसायचे, आणि बाई पेटी बंद करून तंबोरा नकळत त्यांच्याशी जुळवायच्या. खोली भरायची ती त्याने. आणि परीक्षेच्या रविवारी, त्या पावसात, हॉलमधल्या सगळ्या ट्यूब पांढरी पाच सोडून वर, पुढच्या काळी चारच्या अर्ध्या वाटेवर चढून बसल्या होत्या.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी सुरातून सुटले नव्हते. खोलीतल्या सगळ्यात मोठ्या सुराला मी इमानाने धरून होते, लहानपणापासून मला तेच शिकवलं होतं. ज्याला कान नाही त्याला ट्यूब वर ओढू शकत नाही. ज्या दोघींना काहीच ऐकू येत नव्हतं त्या बिनघोर पास होऊन गेल्या. मला कान होता म्हणून मी नापास झाले, आणि त्यावर शिक्का बसला तो कान नसल्याचा. त्या संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून मी मनात परीक्षकांना, बाईंना, अण्णांना आणि निफाडच्या काकूंना इतकं बोलले की रिक्षावाला दोनदा विचारून निघून गेला.

बाईंकडे गेले तेव्हा वाटलं होतं, त्या तरी समजून घेतील. मी सगळं सांगितलं, वहीच्या पानावर आकडेही मांडले. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आयुष्यभर तंबोरा लावत आलेय, आता मला ट्यूबकडून सूर शिकायचा का, असं म्हणून त्यांनी मला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

मग अण्णांकडे. ते दुकानात होते. मी बोलत असताना मधे कुणी होल्डर मागितला, कुणी वायर मापून घेतली. अण्णा मान डोलावत होते. शेवटी त्यांनी विचारलं, बाईंकडचा नेमका कुठला चोक आवाज करतोय? आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक रबरी तुकडा कापून माझ्या हातात दिला. हा चोकखाली सरकव, आवाज बसतो. मी तो तुकडा काउंटरवर टाकला आणि घरी आले. त्यानंतर काही वर्षं मी वडिलांशी वायर, बटणं आणि जेवण यापलीकडे बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

डिप्लोमा झाल्यावर मी दुकानातच बसायला लागले. माझ्या रागाला तिथे रोजचा खुराक होता. मागच्या भिंतीवर लाकडी फळीवर आमचे दोन जुने चोक आणि दोन ट्यूब गिऱ्हाइकाला दाखवायला कायम चालू असायच्या. दिवसभर त्या माझ्या मानेवर गुणगुणायच्या, सकाळी वर, संध्याकाळी खाली.

नवं शतक आलं आणि त्याबरोबर इलेक्ट्रॉनिक चोक. हातात घेतला तर रिकाम्या डबीसारखा हलका. हा पन्नासचे हेलकावे घेऊन त्यांचे हजारो करतो, माणसाच्या कानाच्या पार पलीकडचे, म्हणून तो ऐकूच येत नाही. स्टार्टर नको, मिचकावणं नाही, गुणगुण नाही. गिऱ्हाइकं खूश होती. बाईंचे जुने चोक एकेक करून जळत आले होते, म्हणून अण्णांनी एके दिवशी स्वतः शिडी नेऊन चारही बदलून दिले.

काही महिन्यांनी, एका दुपारी, बाई दुकानात आल्या. वय झालं होतं, पायऱ्या चढून दम लागला होता. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या, माझ्याकडे बघायचं टाळून अण्णांशी बोलायला लागल्या. मुलींना षड्ज धरवत नाही म्हणाल्या. तंबोरा बारीक वाटतो, नवीन तारा घातल्या, तारांखालची घोडी घासून जवारी काढून घेतली, तरी तसाच. आणि मग पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे ते जुने चोक असतील तर परत बसवून द्या. खोली भरत नाही."

मी हातातली वायर खाली ठेवली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज फुटपाथपर्यंत गेला होता हे आठवतं. मी म्हणाले, तुमची खोली ट्यूबने भरत होती हे तुम्हाला आज कळलं, मग त्या दिवशी मान खाली का घातलीत? तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं की ही मुलगी माझ्या क्लासात कधी सुटत नाही, आज का सुटते ते बघा. बाई हळूच म्हणाल्या, मला वाटलं तू घाबरलीस. वाटलं! त्यांच्या वाटण्यावर माझं गाणं गेलं.

बाई रडायला लागल्या, आणि खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही.

अण्णा मात्र काउंटरला टेकून उभे राहिले होते. गिऱ्हाइकाची तक्रार ते नेहमी तशीच ऐकायचे, आधी सगळी ऐकून मग माल तपासायचा. त्यांनी मागे वळून फळीवरच्या चालू ट्यूबकडे बघितलं. बराच वेळ ऐकलं. त्यांचं बोलणं मूळचं निफाडकडचं, मनाला लागलं की ते वर यायचं.

"म्हंजी त्या दिवशी तू ट्यूबच्या सुरात होती?"

"होते."

"मंग सुरात होती."

एवढंच. या एका वाक्यासाठी मी इतकी वर्षं जळत होते, आणि ते त्यांनी फ्यूज तपासल्यासारखं सहज सांगितलं. मला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की मी मोकळी होईन. झाले नाही. उलट आणखी संताप आला, की हे इतकं सोपं होतं तर स्कूटरवर का नाही म्हणालात? मी तसं विचारलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "म्हण आता."

"आधी त्या ट्यूब बंद करा."

दुकान उघडं असताना दिवे बंद करणं अण्णांना कधी पटलं नाही. अंधारं दुकान बघून गिऱ्हाईक पुढे जातं, हे ते आम्हाला लहानपणापासून सांगत आले होते. त्या दुपारी ते आत गेले आणि ट्यूबची बटणं शोधत न बसता सरळ मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबत थांबत थांबला. फळीवरची गुणगुण तुटली. बाहेर द्वारकेचा नेहमीचा गोंधळ होता, ट्रकचे हॉर्न, बसचे कंडक्टर, पण त्यात कुठलाही एक सूर मला ओढणारा नव्हता.

पेटी नव्हती, तंबोरा नव्हता. मी काउंटरला दोन्ही हात टेकले आणि षड्ज लावला. आवाज गंजला होता, सुरुवातीला फाटला. राग तसाच होता, किंबहुना रागातच लावला. पण तो जागेवर जाऊन बसला, आणि बाईंनी रडता रडता मान वर केली, तेव्हाच मला कळलं की तो बसलाय.

तेवढ्यात सिन्नरकडचा एक माणूस जळका चोक हातात घेऊन पायरी चढला. आत अंधार बघून तो दारातच थबकला आणि त्याने विचारलं, लाइट गेली का शेठ?

"लाइट हाय," अण्णा म्हणाले. "पोरगी गातीय. थांबा जरा."